लोड असला की स्टेअरिंग तुझं

माणिका,

काल दुपारी पांढुर्ण्याहून परत आलो, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून दोनदा हा कागद समोर घेतला आणि दोनदा उठलो. तुझी ताई म्हणाली, "पायाले चाकं लागले काय तुमच्या? बसून चहा तरी घ्या." चहा घेतला, तोही उभ्यानं. अंगणात गेलो, आपल्या निळ्या पिकअपभोवती एक चक्कर मारली, परत आलो. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, रडणाऱ्याला रडायला सोबत होती. कालचं कळल्यापासून मात्र मला रडू येत नाही, राग येतो, आणि तो तुझाच येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तू असताना तरी मला धड भांडू कुठे दिलंस?

काय कळलं ते आधी सांगतो. तुझी शांता म्हणाली, हे गेले, गाडी आता कोण चालवणार, विकून टाका. तिचं म्हणणं खोटं नाही. लोधीखेड्याचा एक जण परवा, गुरुवारी, गाडी पाहायला येणार आहे. मागच्या फाळक्याची बिजागरी सुटली होती. गिऱ्हाइकासमोर फाळका लोंबकळायला नको म्हणून मी गाडी घेऊन पांढुर्ण्याला बाबू मिस्त्रीकडे वेल्डिंगला गेलो. तिकडे नेहमी तूच जायचास. बाबू मिस्त्रीनं फाळका पाहिला, मग न सांगता गाडीखाली वाकला आणि उठून म्हणाला, "गुरुजी, फाळक्याचं होऊन जाईन. पण चासीचा जोड गिऱ्हाइकाले सांगसान का नाही?"

"कोणता जोड?"

धडा न वाचता वर्गात आलेल्या पोराकडे मी जसा पाहतो, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले माहीतच नाही? केबिनच्या मांगं चासी तडकून हाय ना. तुमी घेतली तवाचीच. माणिकभाऊ सालातून एक खेप आणत होते. मी पट्टी मारून जोडून देत होतो, वरून काळा रंग लावून देत होतो. ते म्हणत, भाऊजीले सांगजो नोको."

चासी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण मी सहा वर्षं गाडीचा अर्धा मालक होतो आणि काल पहिल्यांदा नीट समजून घेतलं, की गाडीचा सगळा भार ज्या लोखंडी चौकटीवर असतो ती चासी, आणि ती तडकली तर भरलेली गाडी रस्त्यात मधोमध बसू शकते. आपली गाडी पहिल्या दिवसापासून तशीच होती. ती मी पसंत केली होती. तुला ठाऊक होतं, मिस्त्रीला ठाऊक होतं, त्याच्या दुकानात चहा आणणाऱ्यालाही ठाऊक असेल. नव्हतं फक्त मला.

म्हणून आज तुला एकच विचारायचं आहे आणि ते विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी तुझा कोण होतो? भागीदार म्हणून हात मिळवला होता आपण. की मी तुझ्या ताईचा नवरा, घरचा जावई, ज्याचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही, एवढाच होतो?

गाडी घेतली तो दिवस आठवतो का? सौंसरबाहेरच्या त्या ठेकेदाराच्या वाडीत बाजेवर बसवून त्यानं मला पहिला चहा दिला, कारण मी जावई. कुठल्यातरी सरकारी खात्याच्या लिलावातून त्यानं ती गाडी घेतलेली, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं, वरून ताजा निळा रंग. मी मास्तर माणूस. मी कागद पाहिले, सही-शिक्के पाहिले, सीटचं रेक्झिन दाबून पाहिलं आणि हॉर्न वाजवला. हॉर्न असा खणखणीत वाजला, की मी तिथेच सगळ्यांसमोर म्हणालो, "आपल्याला पसंत आहे." तू तेव्हा गाडीखाली होतास. बराच वेळ होतास. बाहेर आलास तेव्हा केसांत माती होती. हात झटकलेस, माझ्याकडे पाहिलंस, ठेकेदाराकडे पाहिलंस आणि म्हणालास, "भाऊजी म्हणत असतीन तं घेऊन टाकू."

मी किती खूश झालो होतो! वाटलं, आपली पारख कामी आली. घरी न नेता आधी जामसांवलीला नेली, मारुतीसमोर नारळ फोडला, बोनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढलं. पुजाऱ्यानं विचारलं, गाडी कोणाची, तर तू पटकन म्हणालास, "भाऊजीची." मी म्हणालो, "दोघांची." तू हसलास. ते हसणं मी तेव्हा आनंदाचं समजलो होतो.

तुमच्या घरची रीत मला माहीत नाही असं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला दुखवायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हा मी सभ्यपणानं म्हणालो, वांग्याचं भरीत छान झालंय. पुढे तुझी आई होती तोवर प्रत्येक खेपेला माझ्या ताटात ढीगभर भरीत पडत राहिलं. मला भरीत आवडत नाही. हे घरात फक्त तुला कळलं होतं. आई चुलीकडे वळली, की तू हात घालून माझ्या ताटातलं अर्धं भरीत उचलून घ्यायचास आणि डोळा मारायचास. तेव्हा मला वाटायचं, या घरात एक माणूस असा आहे ज्याच्यापुढे मी जावई नाही. म्हणून तर तू म्हणालास, संत्र्यासाठी भाड्याच्या गाड्या किती दिवस करायच्या, आपण दोघं मिळून एक जुनी घेऊ, तेव्हा मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्या गाडीनं मला खूप शिकवलं, हे कबूल करतो. खरं तर तूच शिकवलंस. रेडिएटर गळायला लागला तेव्हा तू त्यात मूठभर हळद टाकलीस आणि मी म्हणालो, हा काय वेडेपणा, तर दोन कोसांवर गळती थांबली. डिझेलच्या टाकीला चीर गेली तर कपड्याचा साबण चोळून चोळून ती बुजवलीस. थंडीत इंजिन हवा घ्यायचं, गाडी हुंकार देऊन गप्प व्हायची. मग तू पंप मारायचास आणि मी नळीचा नट सैल करून बुडबुडे संपायची वाट पाहायचो. माझ्या खडूच्या बोटांना डिझेलचा वास लागायचा. शाळेतले सहकारी चिडवायचे, "गुरुजी, ड्रायव्हरकी सुरू केली का?" मला त्याचा राग नाही यायचा. बरंच वाटायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाला नवं काही हाताला लागलं, की तो पोरासारखा होतो. ते पोरपण मला तू दिलंस. त्याबद्दल कधी बोललो नाही तुझ्याशी.

पण तुझा तो एक नियम! गाडी रिकामी असली, की किल्ली माझ्या हातात. "घ्या भाऊजी, चालवा, मी जरा डोळा लावतो." आणि मागे संत्री भरली, कापूस भरला, खताची पोती भरली, की तू आधी जाऊन स्टेअरिंगमागे बसलेला. पहिलं वर्ष मी समजून घेतलं, हात बसायला वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी विचारलं, तर म्हणालास, "घाट हाय भाऊजी, राहू द्या." तिसऱ्या वर्षी सपाट रस्त्यावरही तेच. बागेतले मजूर मागून बोलायचे, आणि ते मला ऐकू यायचं, "गुरुजी रिकाम्या गाडीचे डायव्हर हाय." सहा वर्षं मी हे ऐकून घेतलं, माणिका. घरी येऊन ताईवर चिडायचो. ती म्हणायची, "त्याच्या मनात काही नसते हो." मी म्हणायचो, मनात नसतं तर मग असतं कुठे?

आणि मग दिवाळीनंतरचा तो दिवस. पांढुर्ण्याला संत्र्याचा भरलेला माल, मागे चार मजूर. तू सकाळपासून डावा हात चोळत होतास. खांद्यापासून कोपरापर्यंत चोळायचास आणि गियर टाकताना तोंड वेडंवाकडं करायचास. मी म्हणालो, "सरक, मी घेतो." तू म्हणालास, "काही नाही, रात्री हात खाली आला असन." मी पुन्हा म्हणालो. तू हसण्यावारी नेलंस. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, "मी या गाडीत पाहुणा आहे की भागीदार? स्पष्ट सांग आज." तू गाडी बाजूला घेतलीस, पण सीटवरून हलला नाहीस. समोर पाहत म्हणालास, "भाऊजी, बसा ना. तुमच्यासंगं भांडून नाही राहिलो मी."

तेच तर! भांडला असतास तर मी निवळलो असतो. मी मजुरांसमोर उतरलो, दार आपटलं आणि मागून येणाऱ्या बसला हात केला. बसच्या खिडकीतून पाहिलं तर तू अजून तिथेच होतास, इंजिन चालू ठेवून.

त्यानंतर बावीस दिवस मी तुझ्या दारात आलो नाही. मग तुझ्या शेजाऱ्याचा निरोप आला, की माणिकभाऊ बागेत झाडाला टेकून बसले ते उठून नाही राहिले. नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तुला परत आणलं ते याच गाडीतून. शांता आणि ताई मागे तुझ्याजवळ बसल्या आणि मी चालवली. भरल्या गाडीचं स्टेअरिंग पहिल्यांदा माझ्याकडे आलं ते असं. त्या दिवशी मात्र तू मला अडवलं नाहीस.

कालपासून डोक्यात हेच फिरतंय. मला वाटत होतं, तुझा माझ्या हातावर विश्वास नाही. आता कळतं, तुझा गाडीवर विश्वास नव्हता. ती बसलीच तर स्टेअरिंगमागे मी नको, तू असावास, असा तुझा हिशेब. सहा वर्षं दर खेपेला तू हे करत राहिलास आणि मी तुझ्याशी तोंड वाकडं करून बसत राहिलो. मला वाचवलंस म्हणू की तुझ्या ताईचं कुंकू वाचवलंस म्हणू? आणि कोणी सांगितलं होतं तुला? त्या वाडीत मला एका कोपऱ्यात नेऊन म्हणायचं होतंस, भाऊजी, गाडी भंगार आहे. फार तर मी दोन दिवस रुसलो असतो. जावई रुसतातच.

रात्री जेवताना मला राहवलं नाही, ताईला सगळं सांगितलं. वाटलं, तिला ठाऊक असेल, कदाचित तिनंच तुझ्याकडून वचन घेतलं असेल. ती हातातला घास तसाच धरून बसली. मग म्हणाली, "मले नाही सांगतलं त्यानं. मले माहीत असतं तं मी तुमाले त्या गाडीत बसू दिलं असतं का? अन् त्याले तरी?" आणि पाटावरून उठून गेली. तिलाही तुझा राग आलाय, ऐकून ठेव.

पुन्हा उठतो. हे असं बसून होणार नाही. तू जे पाहिलंस ते मी एकदाही पाहिलेलं नाही.

सकाळी कागद इथवर लिहून सोडला होता. आता दुपारचे चार वाजलेत. मधल्या वेळात काय झालं ते लिहितो.

पायजम्यानिशी तसाच मातीत झोपून गाडीखाली सरकलो. ताई ओरडत होती, "अहो, पाठ धरन!" पाठ धरली, ते वेगळं. केबिनच्या मागे, उजव्या हाताला, तुझा जोड सापडला. एक नाही, एकावर एक पट्ट्या, सहा वर्षांच्या. सगळ्या काळ्या रंगात बुडालेल्या, वर ग्रीस आणि धूळ. शोधणाऱ्यालाही दिसू नयेत अशा. पण सगळ्यात वरची पट्टी उघडी होती. वेल्डिंगच्या लाटा स्पष्ट दिसत होत्या, करड्या, कडेला गंज चढायला लागलेला. मी तिच्यावर बोट फिरवलं. बाबू मिस्त्री तर म्हणाला होता, दर वेळी रंग लावायचो. मग ही का सोडली?

गाडी काढायचं धाडस झालं नाही. दहाची बस पकडली. शाळेला दांडी मारली, नोकरीतली बहुधा तिसरी. बाबू मिस्त्री मला पाहून दचकला, त्याला वाटलं, फाळका पुन्हा तुटला.

"वरच्या पट्टीले रंग काहून नाही लावला?" मी दारातूनच विचारलं. घाईत त्याच्याच बोलीत बोललो.

तो टोपी मागे सारून आठवत राहिला. मग म्हणाला, "दिवाळीनंतर आणली होती ना त्यायनं. तडा लय वाढला होता यंदा. मी पट्टी मारली, रंगाचा डबा उघडला, तं माणिकभाऊ म्हणे, यंदा रंग नोको मारू. म्हटलं, काहून बावा? तं म्हणे, भाऊजी रागावले हाय माह्यावर. बरोबर हाय त्यायचं. आता त्यायले खाल्तं नेऊन दाखोतो अन् इचारतो, भाऊजी, बोला, काय करू आपण हिचं. ठेवाची का मोडीत काढाची."

मी त्याच्या बाकावर बसलो. कालपासून पहिल्यांदा धड बसलो असेन. त्यानं पाणी दिलं. दिवस कोणता होता, हे मी दोनदा विचारून घेतलं. बाजाराचा दिवस होता म्हणून त्याच्या लक्षात होता. आपलं भांडण झालं त्याच्यानंतर चौथा दिवस.

काय करू आपण. तू 'आपण' म्हणालास. मला विचारणार होतास. माझ्या प्रश्नाचं उत्तर तू वेल्डिंगवाल्याजवळ देऊन ठेवलंस आणि ते माझ्यापर्यंत यायला इतके दिवस लागले.

गुरुवारी लोधीखेड्याचा माणूस आला, की मी त्याला आधी गाडीखाली नेणार आहे. जोड दाखवणार, सहा वर्षांचं सगळं सांगणार. घेतली तर घेतली, नाहीतर ती भंगारात जाईल. शांताला सांगून आलो. ती म्हणाली, "त्यायच्या मनात तेच होतं काय? मग तसंच करा." कोणाच्या मानासाठी गप्प बसणं तुला जमलं, मला ते जमणार नाही.

आणि एक गोष्ट राहिली. ती ताईलाही मी अजून बोललो नाही. बसमध्ये येताना आठवली आणि तेव्हापासून ती काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मिस्त्रीकडच्या त्या बाजाराच्या दिवसानंतरच्या रविवारी सकाळी तू आमच्याकडे आला होतास. गाडी फाटकासमोर उभी केलीस, हॉर्न वाजवलास. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. अंगात तुझे कामाचे, तेलकट कपडे होते आणि काखेत घडी केलेली दोन रिकामी पोती. मला वाटलं, काहीतरी भरायला चालला असेल, वाटेत थांबलाय. माझा राग अजून उतरला नव्हता.

गाडीखाली अंथरायला आणली होतीस ना ती? एक तुला, एक मला.

मी ताईला म्हणालो, "सांग त्याला, झोपले आहेत."